सर म्हणतात

उमेळे, वसई
१२ जानेवारी २००३

प्रिय जो,

पत्र मराठीत आहे म्हणून दचकू नकोस. आठ-नऊ वर्षं तुला नाताळची कार्डं इंग्रजीतच पाठवली, पण ह्या वेळी सरांची अट आहे. "इंग्रजीत लिवलंस तर तू काय लिवलंस ते मला कसं कळनार?" असं म्हणाले आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारीच बसले. तेव्हा तुझ्या आईकडून, रोझलीन आत्याकडून वाचून घे. तीस वर्षं लीड्सला राहून तिचं मराठी गंजलं असेल, पण माझ्या बाबांची बहीण आहे. रागावते तेव्हा तरी ती मराठीतच रागावत असणार.

आत्या सरांना एकदाच भेटली, तेही हॉस्पिटलात, म्हणून तिच्यासाठी सांगतो. सर म्हणजे सिप्रियन सर. पाचूबंदरचे, पोलिसातून निवृत्त झालेले. पोलीस ट्रेनिंगमध्ये ज्युदो शिकले आणि नोकरी सुटल्यावर आपल्या देवळामागच्या शेडमध्ये गावातल्या पोरांना शिकवू लागले. त्र्याण्णवच्या जूनपासून चौऱ्याण्णवच्या मेपर्यंत तू आमच्या घरी राहून त्यांच्याकडे शिकलास आणि गावच्या सणाला त्यांच्याच समोर तुझं कोपर मोडलं.

त्यांची फुफ्फुसं गेली आहेत. चार शब्द बोलले की धाप लागते. ईस्टर बघतील असं डॉक्टर म्हणतात, पण ते म्हणताना माझ्याकडे बघत नाहीत. सरांना आता तुझ्याकडून एकच गोष्ट हवी आहे. त्यांनी सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहितो:

"जोसेफ, त्या दिवशी 'सोड' म्हनायचं ते तू 'दाब' म्हनालास. दोन्ही शब्द मी वर्गात ओरडायचो. वर बसलेल्याला आधी दाब, मग सोड. तुला आपली भाषा येत नव्हती. दोघांतला फरक मी स्वतः तुला समजवायला पायजे होता. मी ते पास्कलवर टाकलं. चूक माझी. तुझ्या मनात राग असेल तर तसं लिव. नसेल तर तसं लिव. दोन ओळी पुरे. मी वाट बघतो."

'मी ते पास्कलवर टाकलं' ह्या वाक्याला माझं पेन थांबलं. सरांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, शाई अडकली.

सरांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाले, "बरोबर लिवलंयस." तेवढ्यावर पाकीट बंद करतो.

तुझा मामेभाऊ,
पास्कल


उमेळे
२ फेब्रुवारी २००३

प्रिय जो,

हे पत्र सरांनी पाहिलेलं नाही.

आत्या, तुला आधीच विनंती करतो. जसं आहे तसं वाच. मधेच थांबून चष्मा पुसू नकोस आणि एखादं वाक्य कडू लागलं म्हणून गिळू नकोस. दोघांच्या मधे बसलेला माणूस काय काय करू शकतो ते मला चांगलं माहीत आहे.

जो, तू आलास तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो आणि सरांच्या वर्गाला मला दोन वर्षं होऊन गेली होती. आमचे ज्युदोचे पोशाख मांजरपाटाचे. होळी बाजारातल्या शिंप्याने शिवलेले, पहिल्या धुण्यात आखडलेले. तुझा पोशाख पांढराशुभ्र, जाड, खांद्यावर शिक्का असलेला. लीड्सला तू दोन वर्षं जिऊ-जित्सू शिकला होतास, हात पिरगळायच्या दहा तऱ्हा तुला येत होत्या. सरांनी तुला पाच मिनिटं पाहिलं आणि मला म्हणाले, "ह्याला धरता येतं, पन पडता येत नाय. ह्याला आधी पडायला शिकवू." मग तीन महिने तू भाताचा पेंढा भरलेल्या गाद्यांवर नुसता पडत होतास. आम्ही सगळे हसायचो, पण तू कधी कंटाळला नाहीस.

तुला मराठीचा गंध नव्हता आणि सरांना इंग्रजीचा. वर्गात कॉलेजला जाणारा मी एकटाच, म्हणून मी तुमच्या दोघांचं तोंड झालो. सर एक वाक्य बोलायचे, मी तुझ्याकडे वळून 'सर म्हणतात' असं सुरू करायचो. वर्षभर माझं तोंड मी तुम्हाला भाड्याने दिलं होतं, तेही फुकट.

आणि सर काय बोलायचे? ऑगस्टमध्ये एकदा तू पडलास तसे सर जवळ आले. मग मला म्हणाले, "त्याला सांग, त्याचं पडनं बघतच रावंसं वाटतं. असं पडनं शिकवून येत नाय." मला दोन वर्षांत त्यांनी 'ठीक' ह्या शब्दापलीकडे काही दिलं नव्हतं. माझ्याबद्दल ते जे बोलायचे त्याला भाषांतर लागत नव्हतं, कारण ते बोलायचेच नाहीत. मी तुझ्याकडे वळलो आणि इंग्रजीत म्हटलं, सर म्हणतात, तू सिमेंटच्या पोत्यासारखा पडतोस.

तू 'येस सर' म्हणालास आणि आणखी चाळीस वेळा पडलास. सरांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली. त्यांना वाटलं, कौतुक ऐकून पोराला हुरूप आला.

त्यानंतर मला ते सोपं झालं. सर म्हणाले, "ह्याच्या पायात पानी आहे," की मी सांगायचो, सर म्हणतात तुझे पाय लाकडाचे आहेत. सर म्हणाले, "असा पोरगा दहा वर्षांत एक येतो," तेव्हा मी सांगितलं, सर म्हणतात असल्या पोराला शिकवणं म्हणजे वेळ फुकट घालवणं. आणि गंमत बघ, जितकं वाईट सांगावं तितका तू जास्त मेहनत करायचास. दुसऱ्या दिवशी सर अजून कौतुक करायचे आणि तेही मलाच ऐकून घ्यावं लागायचं. माझ्या खोट्याने तू चांगला झालास. माझी एवढी थट्टा दुसऱ्या कुणी केलेली नाही.

आत्या, इथपर्यंत वाचलंस ना? आता पुढचं वाच.

सणाला प्रात्यक्षिक ठरलं. सरांनी दोघे निवडले, तू आणि आचोळ्याचा संग्राम. माझ्या हातात त्यांनी माईक दिला. "तू चांगलं बोलतोस," म्हणाले. तीन वर्षांत मला मिळालेलं कौतुक ते एवढंच.

आदल्या संध्याकाळी त्यांनी आपल्या तिघांना बसवलं. वर्गात आपला नियम होता, हरलो असं वाटलं की तळहाताने दोन थापा मारायच्या. दोन थापा पडल्या की वर देवदूत बसलेला असला तरी त्याने पकड सोडायची. त्या दिवशी सर म्हणाले, "थापा लोकांना दिसत नाय, आनि हात अडकला तर मारता पन येत नाय. उद्या तोंडानं मोठ्यानं 'सोड' म्हनायचं. पास्कल, त्याला नीट समजव." आणि ते संग्रामला घेऊन गाद्यांची ताडपत्री बघायला गेले.

तू मला विचारलंस, शब्द काय आहे?

मी म्हटलं, सर म्हणतात, 'दाब' म्हणायचं.

तू तीनदा म्हणून पाहिलंस. तुझा 'द' जाड येत होता. जीभ दातांना लाव म्हणून मी तुझा उच्चार सुधारून दिला.

मला काय हवं होतं? लोकांनी हसावं. आखाड्यात साहेब 'दाब, दाब' ओरडतोय आणि संग्राम अजून दाबतोय, असं व्हावं आणि मग सरांनी येऊन सोडवावं. कोपर मोडेल असं मला वाटलं नव्हतं. हे मी नऊ वर्षं स्वतःला सांगत आलोय आणि ते बहुतेक खरं आहे.

पुढचं तुला माहीत आहे, पण माझ्या जागेवरून काय दिसत होतं ते तुला माहीत नाही. संग्रामने तुला पालथं पाडलं. तुझा डावा हात तुझ्याच अंगाखाली अडकला आणि उजवा त्याच्या कवेत. थाप मारायला हात उरला नाही. तू म्हणालास, दाब. संग्रामचे वडील साताऱ्याकडचे, घरात कुस्ती. खालचा पोरगा 'दाब' म्हणतो म्हणजे आव्हान देतो, एवढंच त्याला समजलं. त्याने दाबलं. लोक हसले. कुणीतरी ओरडलं, "अरे, साहेब दाब म्हनतो, दाब की!" तू पुन्हा म्हणालास, मोठ्याने, स्वच्छ, जीभ दातांना लावून. सर गर्दीच्या पलीकडे होते, ते धावत निघाले. मी तुझ्यापासून तीन पावलांवर होतो आणि माईक माझ्या हातात होता. मला एक शब्द बोलायचा होता. तिसऱ्यांदा तू 'दाब' म्हणालास आणि कोपर मोडल्याचा तो आवाज माईकमधून सगळ्या गावाने ऐकला.

संग्राम रडत सरांना सांगत होता, "तोच म्हणत होता ना सर, दाब म्हणून. मी काय करू?" त्याने त्यानंतर गादीवर पाय ठेवला नाही. सरांनी स्वतःच्या हाताने शेडला कुलूप लावलं. गाद्या कुणाच्या तरी गोठ्यात गेल्या.

हॉस्पिटलात अकरा दिवस मी तुझ्या उशाशी बसलो. आत्या आली, तिने तुला शब्दाचा अर्थ सांगितला आणि तू भिंतीकडे तोंड फिरवलंस. मला वाटलं आता माझं नाव घेशील. तू म्हणालास, तो शब्द मला सरांनी दिला. मी तिथेच उभा होतो. सुंठीवाचून खोकला गेला असं मला वाटलं आणि मी गप्प बसलो.

आता तुला कळलं. मला तू हवं ते लिही, पण सरांना दोन ओळी लवकर लिही. चूक त्यांची नव्हती एवढंच. ते रोज पोस्टमनच्या वेळेला खिडकीत बसतात.

पास्कल


उमेळे
९ मार्च २००३

आत्या,

तुझं पत्र आणि सोबतचं जोचं पत्र परवा मिळालं. ह्यावेळी तुलाच लिहितो, कारण जोच्यापर्यंत काही पोचतच नाही असं दिसतं.

तू लिहितेस, "तो समोरच बसला होता. मी दोन पानं मनात वाचली आणि त्याला सांगितलं, पास्कलने सरांचा निरोप पुन्हा लिहिलाय आणि वाडीतली केळी ह्या वर्षी चांगली झाली आहेत." वाडी आम्ही अठ्ठ्याण्णवला विकली, आत्या. तिथे चार मजले उभे आहेत आणि गच्चीवर लोक पापड वाळवतात. निदान खोटं तरी नीट बोलायचं होतंस.

तुझं पुढचं वाक्य मी इतक्यांदा वाचलंय की पाठ झालंय. "त्या गावातून तो दोनच गोष्टी घेऊन आला, एक वाकडा हात आणि एक भाऊ. हाताचं मी काही करू शकले नाही. भाऊ मी त्याच्याकडून काढून घेणार नाही." म्हणजे माझ्यावर तू उपकार केलेस आणि सरांचा बळी दिलास. लीड्सला बसून उंटावरून शेळ्या हाकणं सोपं आहे. इथे त्या माणसाच्या छातीचा भाता मला ऐकावा लागतो.

आणि तू लिहितेस, "तुला सांगायचं असेल तर तू सांग. तुला इंग्रजी येतं, शाळेत शिकवतोस. मराठीत लिहिलंस, म्हणजे तुझं पाप माझ्या तोंडून जायला हवं होतं तुला."

हे खोटं आहे असं उत्तर मी लिहिलं होतं. फाडून टाकलं. कुमसाराला फादरसमोर गुडघे टेकले तेव्हाही मी हे पाप कधी सांगितलं नाही, सांगितली ती शिव्यांची आणि आळसाची. तुझ्या पत्रानंतर इंग्रजीत लिहायला तीनदा बसलो. पाचवीच्या पोरांना मी भाषांतराचे मार्क देतो, आणि तीनदा माझं एकच वाक्य झालं, 'डिअर जो, सर सेज'. हात आपोआप तिथे जातो. पुढे काही येत नाही.

जोने सरांना लिहिलेलं पत्र मी वाचलं. पाकिटावर सरांचं नाव होतं, पण ते मलाच उघडावं लागणार होतं. तू ते वाचलं आहेस का? वाचलं असशीलच. तरी पाठवलंस. वर लिहितेस, "त्यांना काय वाचून दाखवायचं ते तू ठरव. मधे बसायची तुला सवय आहे."

आत्या, तुझ्या पाया पडतो. त्याला खरं सांग आणि त्याच्याकडून दुसरं पत्र घे. दोन ओळींचं. टपालाला जाताना बारा, येताना बारा दिवस लागतात, सरांकडे तेवढे असतील. नसेल जमत तर मी जोच्या ह्या पत्राचं भाषांतर माझ्या पद्धतीने करीन. सर, जो म्हणतो राग नाही. तेवढं खोटं देव चालवून घेईल. वर्गात वर्षभर वाईट सांगितलं, शेवटी एकदा चांगलं सांगीन.

पास्कल


उमेळे
२३ मार्च २००३

आत्या,

सर गेले. बुधवारी, संत जोसेफच्या सणाला. तुझं उत्तर आलं नाही, येणारही नव्हतं. येणार असेल तर आता पाठवू नकोस.

गेल्या रविवारचं तुला सांगायचं आहे. हे जोला वाचून दाखव किंवा दाखवू नकोस, मी आता तुला काही बजावणार नाही.

देवळातली मिस्सा सुटल्यावर मी पाचूबंदरला गेलो. मेरीने, म्हणजे सरांच्या मुलीने, त्यांच्या पाठीला उशा लावल्या आणि ती चहा ठेवायला आत गेली. कुणीतरी पोस्टमनकडून ऐकलं होतं, तेव्हा पत्र आल्याचं सरांना ठाऊक होतं. दाढी करून बसले होते. मी पाकीट काढलं तसा त्यांनी हात पुढे केला. अक्षरावरून बोट फिरवलं. त्यांना त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं.

"डाव्या हातानं लिवलंय ना?" म्हणाले.

मी हो म्हटलं. उजव्या हाताला पेन धरून बसता येत नाही, तुला माहीतच आहे.

काय सांगायचं ते मी बसमध्ये पाठ करून आलो होतो. सर, जो म्हणतो की तुमच्यावर राग नाही, तुमची आठवण येते, कौतुक आठवतं. चार वाक्यं. सोपी, खोटी, तयार. मी कागद उलगडला. तेवढ्यात सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "त्याचं पडनं, पास्कल. तसं मग कोनाचं बघितलं नाय मी."

तीन वर्षं दर रविवारी मी त्या घरी जातोय, आत्या. औषधं मी आणतो. हॉस्पिटलात रात्र मी काढलीय. त्यांची थुंकी पुसलीय. एवढ्या वर्षांत त्या माणसाने, पास्कल, तुझं पडणं कसं होतं रे, असा एक शब्द काढला नाही. आणि मी बोलायला चांगला, म्हणून त्याने मला माईक दिला होता. तेव्हा मी बोललो. आयुष्यात पहिल्यांदा मी शब्दाला शब्द भाषांतर केलं.

"सर, तुम्ही विचारता राग आहे का. वर्षभरात तुम्ही मला एक चांगला शब्द दिला नाहीत. मी पडलो की तुम्ही म्हणायचात, सिमेंटचं पोतं पडलं."

सरांनी मान वळवली. "मी? पोतं?"

मी वर पाहिलं नाही. "तुम्ही म्हणायचात, तुझे पाय लाकडाचे आहेत. तुम्ही म्हणायचात, असल्या पोराला शिकवणं म्हणजे वेळ फुकट घालवणं. तरी मी रोज येत राहिलो, कारण तुमच्या तोंडून एकदा 'चांगला' असं ऐकायचं होतं."

"पास्कल," सर म्हणाले. मोठ्याने नाही. मला माहीत होतं ते माझ्याकडे बघताहेत. पोलिसात तीस वर्षं काढलेला माणूस, त्याला सगळं समजायला तीन ओळी पुरल्या. मी बोट पुढच्या ओळीवर ठेवलं.

"मग तुम्ही मला तो शब्द पाठवलात. पास्कलने तो जसा मिळाला तसा मला सांगितला. बिचारा पास्कल, तुमचं सगळं त्यालाच माझ्यापर्यंत आणावं लागायचं. तुमच्या वर्गात माझ्याशी चांगला वागलेला तो एकटाच होता."

सर काही बोलायला गेले, पण धाप लागली आणि शब्द आला नाही. त्यांनी हात उचलला. तळहाताने पलंगाच्या लाकडी पट्टीवर थाप मारली. एकदा, आणि मग पुन्हा एकदा. आत मेरीच्या हातातली कपबशी वाजली, तिला वाटलं बाबा हाक मारतायत.

ती खूण मला त्यांनीच शिकवली होती. पत्राच्या अजून चार ओळी उरल्या होत्या. त्याही मी वाचल्या.

पास्कल